पावडर जिलेटिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिलेटिनचा पदार्थ फसला की पहिला संशय पावडरीवर जातो. खरं तर पावडर सहसा चांगलीच असते. भिजवताना घाई झालेली असते, आच मोठी राहिलेली असते, नाहीतर 'असू दे थोडं जास्त' म्हणून हात सैल सुटलेला असतो. यातलं शेवटचं सगळ्यात जास्त वेळा घडतं, म्हणून माझं मत आधीच सांगून ठेवते: जितक्या कमी जिलेटिनमध्ये भागेल तितकं कमी घालावं. पदार्थाने जेमतेम आकार धरावा आणि जिभेवर गेल्यागेल्या सोडून द्यावा. खालची बरीच उत्तरं याच हिशोबाने दिली आहेत.

जिलेटिन कशापासून तयार होतं?

प्राण्यांची कातडी, हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे बंध यांत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. आम्लाची किंवा अल्कलीची प्रक्रिया करून ते गरम पाण्यात उतरवलं, गाळलं, आटवलं आणि वाळवून दळलं की पावडर जिलेटिन मिळतं. कच्चा माल म्हणून डुकराची कातडी, गुरांची कातडी आणि हाडं, कधी माशांची कातडी वापरतात. पाया किंवा हाडं तासन् तास उकळून केलेला रस्सा फ्रिजमध्ये ठेवल्यावर थुलथुलीत होतो, तो याच जिलेटिनमुळे. पावडर म्हणजे तेच काम कारखान्यात करून, वास आणि रंग काढून, डब्यात भरलेलं.

म्हणजे ते शाकाहारी नाही?

नाही. याला पळवाट नाही. 'शाकाहारी जिलेटिन' म्हणून जे विकलं जातं ते आगार, कॅराजीनन, पेक्टिन यांच्यासारखं वनस्पतींपासून किंवा समुद्री शेवाळापासून काढलेलं काहीतरी वेगळंच असतं आणि त्याची वागणूकही वेगळी असते. जिलेटिन कोणत्या प्राण्याचं आहे हे तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं असेल तर पाकिटावर स्रोत स्पष्ट लिहिलेलाच माल घ्या. दुसऱ्यांसाठी पदार्थ करत असाल तर वाढण्याआधी सांगा. मूस (फेटून हलकं केलेलं गोड) किंवा चीजकेककडे नुसतं बघून आत जिलेटिन आहे हे कुणालाही कळत नाही.

ते पातळ पदार्थाला धरून ठेवतं म्हणजे नेमकं काय होतं?

गरम पाण्यात जिलेटिनच्या लांब साखळ्या सुट्या सुट्या फिरत असतात. द्रव थंड होऊ लागला की या साखळ्यांचे काही भाग एकमेकींभोवती पीळ घालतात. तीन-तीन पदरांचे असे पीळ जागोजागी पडत गेले की त्यांची जाळी तयार होते आणि पाणी त्या जाळीत अडकून पडतं. द्रवात जिलेटिन शेकडा एक टक्का असलं तरी पाणी उभं राहतं, ते या जाळीमुळे.

हे पीळ नाजूक असतात. ३० ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ते सुटायला लागतात, आणि तोंडातलं तापमान त्याहून थोडं जास्त असतं. जिलेटिनचा पदार्थ चावावा न लागता तोंडात विरघळतो आणि चव एकदम मोकळी होते, त्याचं कारण हे. मका-पीठ किंवा आगार यांना हे जमत नाही. याच कारणाने जिलेटिनचा पदार्थ उकाड्यात टेबलावर ठेवला की बसकण मारतो. गुण तोच, दोषही तोच.

पावडर भिजवायची कशी?

छोट्या, पसरट वाटीत आधी गार पाणी घ्या. पाणी पावडरीच्या वजनाच्या पाच-सहापट, म्हणजे ७ ग्रॅमला ३५ ते ४० मिली. आता पावडर चिमटीने किंवा चमचा हलवत हलवत पाण्याच्या सगळ्या पृष्ठभागावर भुरभुरा. पाणी आधी आणि पावडर नंतर, हा क्रम बदलू नका. पावडरीवर पाणी ओतलं किंवा एका जागी ढीग टाकला तर ढिगाचा वरचा थर लगेच फुगून चिकट होतो आणि आतल्या कोरड्या दाण्यांपर्यंत पाणी पोचतच नाही. अशी गुठळी पुढे कितीही ढवळली तरी हट्टाने तशीच राहते.

मग ५ ते १० मिनिटं हात लावू नका. सुरुवातीला दाणे पाण्यावर तरंगतात, कडेने पारदर्शक होतात, एकेक करून खाली बसतात आणि शेवटी सगळं मिळून ओल्या वाळूसारखं दिसणारं घट्ट लगदं होतं. वाटी तिरकी केली तर ते सरकता कामा नये. मध्ये कुठे पांढरा कोरडा ठिपका दिसला तर त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडा आणि थोडं थांबा.

दुधात किंवा फळांच्या रसातही भिजवता येतं, पण वेळ जास्त लागतो. रस फार आंबट असेल तर मी पाण्यातच भिजवते.

न भिजवता थेट गरम दुधात घातलं तर?

गुठळ्या होतील. बाहेरचं आवरण क्षणात चिकट होतं आणि आत कोरडी पावडर कोंडली जाते. काही पाकिटांवर 'इन्स्टंट' लिहिलेलं असतं, ती पावडर वेगळ्या पद्धतीने केलेली असते. तिथे पाकिटावरची कृतीच पाळा.

वितळवायचं कसं? उकळलं तर वाया जातं का?

भिजलेलं जिलेटिन ४० अंशांच्या पुढे विरघळू लागतं आणि ५० ते ६० अंशांना पूर्ण विरघळतं. म्हणजे बोट बुडवल्यावर चटका बसेल, पण वाफा निघत नसतील, इतपत गरम. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, किंवा मायक्रोवेव्हमध्ये दहा-दहा सेकंदांनी बाहेर काढून ढवळा. मुख्य द्रव आधीच गरम असेल तर भांडं आचेवरून उतरवून भिजलेलं जिलेटिन सरळ त्यातच घाला आणि ढवळा.

झालं की नाही हे बघायला एक थेंब बोटांवर घेऊन चोळा. कण लागला तर अजून झालेलं नाही. चमच्याची मागची बाजू उजेडात धरली तरी न विरघळलेले पारदर्शक दाणे दिसतात.

चुकून एखादी उकळी आली म्हणून जिलेटिन फुकट जात नाही. पण बराच वेळ खदखदत ठेवलं तर साखळ्या तुटून तुकडे होतात आणि पकड ढिली पडते. सोबत आंबट काही असेल तर हे आणखी लवकर होतं.

किती जिलेटिनला किती द्रव?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर पदार्थ वाढणार कसा यावर ठरतं. खालचे आकडे २०० ते २२५ ब्लूमच्या (ब्लूमबद्दल पुढे) साध्या पावडरीचे आणि अर्धा लिटर द्रवासाठीचे आहेत.

ग्लासात किंवा वाटीतच वाढायचं असेल तर ४ ते ५ ग्रॅम पुष्कळ झाले. साच्यातून उलटं करून ताटलीत उभं करायचं असेल तर ६ ते ७ ग्रॅम. बऱ्याच देशांत मिळणारं छोटं पाकीट साधारण ७ ग्रॅमचंच असतं आणि त्यावरची कृती दोन कप द्रवासाठी असते. सुरीने चौकोनी तुकडे कापायचे असतील तर १० ग्रॅम. चघळायच्या गमी गोळ्यांचा हिशोबच निराळा. तिथे १०० मिली द्रवाला ८ ते १० ग्रॅम लागतात.

साच्यातून काढायच्या पन्ना कोटाची (जिलेटिनने जमवलेल्या गोड क्रीमची) कृती बघून तोच पदार्थ ग्लासात लावला की तो उगीच रबरी होतो. कृतीतलं प्रमाण साच्यासाठी आहे की वाटीसाठी, हे वाचायची सवय लावून घ्या.

आणि शक्य असेल तर वजन करा. एक सपाट छोटा चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम, मोठा सपाट चमचा म्हणजे ९ ग्रॅम, हे ठीक आहे. पण कंपनी बदलली की दाण्याची जाडी बदलते आणि चमच्यात मावणारं वजनही बदलतं. एक ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी पोत बदलतो. दागिने तोलतात तसला छोटा वजनकाटा जिलेटिनसाठी फार कामाचा.

एक राहिलं: दूध-साईच्या मिश्रणात पकड थोडी जास्त येते, साध्या रसात कमी. दुधाच्या पदार्थात आकड्यांच्या खालच्या टोकाने जावं.

ब्लूम म्हणजे काय?

जिलेटिनची ताकद मोजायचा आकडा. ऑस्कर ब्लूम यांनी बनवलेल्या आणि १९२५ साली पेटंट घेतलेल्या उपकरणावरून हे नाव पडलं. ६.६७ टक्के जिलेटिनचं द्रावण १० अंशांना १६ ते १८ तास ठेवतात आणि अर्धा इंच रुंदीचा दट्ट्या त्यात ४ मिलिमीटर खाली दाबायला किती ग्रॅम भार लागतो ते मोजतात. तो भार म्हणजे ब्लूम. बाजारातला माल ५० ते ३०० ब्लूमच्या दरम्यान असतो.

तुमच्या पाकिटाचा आकडा कृतीतल्या आकड्यापेक्षा वेगळा असेल तर जुन्या ब्लूमला नव्या ब्लूमने भागा, वर्गमूळ काढा आणि त्याने वजनाला गुणा. कृतीत २०० ब्लूमचं १० ग्रॅम असेल आणि तुमच्याकडे २५० ब्लूम असेल तर साधारण ९ ग्रॅम पुरतं. आकडा छापलेलाच नसेल तर पहिल्यांदा कपभर द्रवावर करून बघावं.

शीट जिलेटिन आणि पावडर यांत चांगलं कोणतं?

दोन्ही एकच. शीट म्हणजे जिलेटिनचा पातळ, पारदर्शक पापुद्रा; ती गार पाण्यात बुडवून, पिळून घालायची. वजन करायची कटकट नाही आणि द्रव अधिक नितळ राहतो. शीटच्या ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा प्रती असतात. प्रत जितकी वरची तितकी ताकद जास्त, पण शीट तितकी हलकी बनवतात. त्यामुळे कुठल्याही प्रतीची एक शीट जवळपास सारखंच काम करते. पावडर स्वस्त पडते, सहज मिळते आणि अर्धा ग्रॅमपर्यंत प्रमाण सांभाळता येतं. मला पावडर आवडते.

अननस घातला आणि काहीच सेट झालं नाही. का?

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि प्रथिनं तोडणं हेच त्याचं काम. जिलेटिन प्रथिनच असल्यामुळे त्याची जाळी तयार होण्याआधीच तुटते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, दुप्पट जिलेटिन घाला, उपयोग शून्य. पपई (पपेन), किवी, अंजीर आणि ताजं आलं यांच्यातही अशीच विकरं असतात. 

उपाय सोपा आहे. फळ किंवा रस आधी उकळा, उकळी आल्यावर दोन-चार मिनिटं ठेवा, मग गार करून वापरा. उष्णतेने विकर निकामी होतं. डब्यातला अननस बिनधास्त चालतो, कारण तो डबाबंद करताना तापवलेलाच असतो. फ्रीझरमध्ये गोठवलेला अननस मात्र चालत नाही. थंडीने विकर झोपतं, मरत नाही. ताजी फोड हवीच असेल तर वाढताना वरून ठेवा.

लिंबू, मीठ, साखर, दारू यांचा काय परिणाम होतो?

लिंबासारखा फार आंबट रस पकड ढिली करतो. त्यासाठी जिलेटिन पाव ते तृतीयांश वाढवा आणि रस शेवटी, मिश्रण कोमट झाल्यावर घाला. मीठही पकड थोडी कमी करतं. साखर बेताची असेल तर उलट मदतच करते. दारू थोडी असेल तर अडचण नाही. फार झाली तर जिलेटिन द्रवातून फाटून बाहेर पडतं आणि दोरे दिसतात.

क्रीममध्ये घातल्यावर धागे आणि दाणे का झाले?

कोमट जिलेटिन फ्रिजमधून काढलेल्या क्रीमला लागलं की जिथे लागेल तिथेच गोठतं. धागे त्याचेच. आधी विरघळलेल्या जिलेटिनमध्ये दोन-तीन चमचे क्रीम घालून ढवळा, म्हणजे तापमान जवळ येईल. मग ते मिश्रण बाकीच्या क्रीममध्ये घाला. क्रीम फेटत असाल तर फेटणं चालू ठेवून बारीक धारेने सोडा. एक कप क्रीमला एक छोटा सपाट चमचा जिलेटिन घातलं तर फेटलेलं क्रीम केकवर दुसऱ्या दिवशीही पाणी सोडत नाही.

चीजकेकमध्ये हीच चूक जास्त होते, कारण चीज घट्ट आणि गार असतं. ते आधी बाहेर काढून ठेवा.

सेट व्हायला किती वेळ? फ्रीझरमध्ये ठेवलं तर लवकर होईल ना?

छोट्या वाट्यांना फ्रिजमध्ये ३ ते ४ तास, मोठ्या साच्याला ६ ते ८ तास किंवा रात्रभर. वरून सेट दिसलं तरी आत जाळी घट्ट होत राहते, साधारण दिवसभर. म्हणून आज दुपारी छान मऊ वाटलेला पदार्थ उद्या जरा कडक लागतो. दोन दिवस आधी करून ठेवणार असाल तर जिलेटिन थोडं कमीच घाला.

फ्रीझरने काम लवकर होत नाही, बिघडतं. कडेला बर्फाचे कण होतात, ते वितळले की जाळीत फटी पडतात आणि पाणी सुटतं. घाईच असेल तर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा आणि दाटसर झालं की साच्यात ओता.

फळं तळाशी बसतात, थर एकमेकांत मिसळतात. काय करावं?

मिश्रण कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट होईपर्यंत थांबा आणि मगच फळांचे तुकडे घाला. थरांसाठी खालचा थर बोट लावल्यावर चिकट लागला पाहिजे, पण बोटाला यायला नको. वरचा थर ओतताना द्रव असावा, गरम नसावा. खालचा थर पूर्ण कडक झाल्यावर ओतलात तर थर मिसळत नाहीत, पण चिकटतही नाहीत. कापताना एकमेकांवरून घसरतात.

साच्यातून अख्खं कसं काढायचं?

कड बोटाने हलकेच आत ओढून हवा जाऊ द्या. साचा कोमट पाण्यात ५ ते १० सेकंद बुडवा, जास्त नाही. ताटली पाण्याने ओली करून वर धरा आणि उलटं करा. ओल्या ताटलीवर पदार्थ वाकडा पडला तरी सरकवता येतो.

आगार किंवा चायना ग्रास याच्या जागी चालेल का?

चालेल, पण वेगळा पदार्थ होईल. आगार विरघळायला उकळावं लागतं, ३५ ते ४० अंशांनाच सेट होतं आणि ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात टेबलावर टिकतं, पण तोंडात विरघळत नाही, दाताखाली मोडतं. अर्धा लिटरला ३ ते ४ ग्रॅम आगार पावडर पुरते. शाकाहारी जेलीसाठी ते उत्तमच आहे. मार्शमॅलोसारख्या हवा धरायच्या पदार्थाला मात्र जिलेटिनची लवचीक जाळी लागते, तिथे नुसत्या आगारावर भागत नाही.

कोलॅजन पावडर किंवा जेली क्रिस्टल वापरू का?

कोलॅजन पावडरीतल्या साखळ्या मुद्दाम बारीक तोडलेल्या असतात. ती गार पाण्यातही विरघळते आणि कधीच सेट होत नाही. जेली क्रिस्टलमध्ये साखर, रंग आणि स्वाद मिसळलेला असतो. जिलेटिन त्यात थोडंच. साध्या जिलेटिनच्या जागी यातलं काहीही तितक्याच मापाने घेऊ नका.

गोड पदार्थ सोडून कुठे वापरता येतं?

मला वाटतं, इथे जिलेटिनकडे लोकांचं फार दुर्लक्ष होतं. विकतचा रस्सा किंवा स्टॉक पाण्यासारखा पातळ असतो. त्यात थोडं भिजवलेलं जिलेटिन घातलं की सॉस आटवताना त्याला अंग येतं, चकाकी येते आणि तो ओठांना लागतो, पिठाची चव न लागता.

दुसरा उपयोग रस्सा नितळ करण्याचा. गढूळ रश्श्यात लिटरला ५ ते ७ ग्रॅम जिलेटिन विरघळवून तो फ्रीझरमध्ये पूर्ण गोठवा. मग गोठलेली वडी चाळणीवर कापड घालून ठेवा आणि सगळं फ्रिजमध्ये एक-दोन दिवस सावकाश वितळू द्या. गाळ, चरबी आणि जिलेटिनची तुटकी जाळी कापडावर राहते आणि खाली थेंबाथेंबाने आरपार दिसणारा रस्सा जमतो. साध्या जेलीत नकोसं वाटणारं पाणी सुटणं इथे मुद्दाम घडवून आणायचं.

जिलेटिन पौष्टिक आहे का?

वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनच असतं, पण ते अपुरं प्रथिन आहे; ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात नसतं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये गरिबांना हाडांच्या जिलेटिनवर पोसता येईल का, यावर मोठा वाद झाला होता. शरीरशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माजांदी यांच्या समितीने १८४१ साली निष्कर्ष दिला की नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाहीत. तेव्हा पोतासाठी वापरा, जेवणाच्या जागी नको. तसंही एका वाटीत ते एखाद-दुसरा ग्रॅमच असतं.

पावडर किती टिकते?

घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी, वर्षानुवर्षं. वैरी एकच, दमट हवा. ओला चमचा घालू नका आणि उघडलेली पिशवी वाफेजवळ ठेवू नका. गोळे झाले असतील किंवा वास येत असेल तर टाकून द्या. ताज्या पावडरीलाही भिजवल्यावर किंचित वास येतो. तो पदार्थात जाणवत नाही.

सेट झालंच नाही किंवा फार कडक झालं. आता?

दोन्हीवर उपाय आहे, कारण जिलेटिन पुन्हा वितळतं आणि पुन्हा सेट होतं. पातळ राहिलं असेल तर आधी विचार करा, कच्चं अननस, पपई, किवी किंवा आलं गेलं आहे का? गेलं असेल तर सगळं उकळी येईपर्यंत तापवा आणि मग नव्याने जिलेटिन घाला, कारण आधीचं तुटलेलं आहे. तसं काही नसेल तर एक-दोन ग्रॅम वेगळं भिजवा, पदार्थ मंद आचेवर फक्त पातळ होईपर्यंत कोमट करा, त्यात मिसळा आणि परत फ्रिजमध्ये ठेवा. कडक झालं असेल तर तसंच कोमट करून त्यात थोडं दूध, रस किंवा क्रीम वाढवा. फेटलेलं क्रीम किंवा अंड्याचा पांढरा घातलेला मूस मात्र तापवू नका, त्यातली हवा निघून जाते. तो पातळ राहिला तर वाट्यांत भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि चमच्याने खायला द्या.